केंदाळाखालचं पाणी

केंदाळ फुललं की लोकांना फोटो काढावेसे वाटतात. माझं डोकं फिरतं. पाऊस सरतो, ऊन चटके द्यायला लागतं, गुऱ्हाळं पेटतात, आणि आमच्या भागात जिथं जिथं पाणी साचून राहिलंय तिथं तिथं ही जांभळी फुलं माना वर काढून उभी राहतात. परवा गावाबाहेरच्या नव्या वसाहतीच्या फाटकापाशी कॉलेजच्या दोन मुली स्कूटर लावून त्या फुलांसमोर रील करत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "कसली भारी बाग केलीया बघ की." मी पुढं निघून गेले होते, पण गाडी वळवून मागं आले. त्यांना सांगितलं, ही बाग नाही, केंदाळ आहे. केंदाळ जमिनीवर उगवत नाही, पाण्यावर उगवतं. खाली पाणी आहे आणि त्या पाण्याला नाव आहे. मुली एकमेकींकडं बघत निघून गेल्या. त्यांचा काही दोष नव्हता. पण दर वर्षी या दिवसांत मी कुणावर तरी अशी घसरतेच. ज्यांच्यावर घसरायला पाहिजे ते कधी फाटकापाशी भेटत नाहीत.

त्या पाण्याचं नाव वरलं तळं. कळंब्याच्या पुढं आमचं गाव. कोल्हापूर शहर तेव्हा आमच्याकडं यायला निघालं होतं, पण पोहोचलं नव्हतं. वरलं तळं काही मोठं नव्हतं. कुणी लांबून बघायला यावं, काठावर भेळ खात बसावं असं त्यात काही नव्हतं. एका बाजूला दगडी पायऱ्या, दुसऱ्या बाजूला आमचं उसाचं रान, आणि तिसऱ्या बाजूला गवळ्यांची गल्ली. उन्हाळ्यात ते आटून निम्म्यावर यायचं, पावसात पायऱ्या बुडवायचं, आणि दिवाळीच्या आधी केंदाळानं झाकून जायचं. झाकलेलं तळंही आम्हाला तळंच दिसायचं. ताटावर ताट झाकलं म्हणून आत जेवण नाही असं घरात कुणी म्हणत नाही.

मी उपग्रहाच्या चित्रांवरून तळी आखायचं काम करते. अजूनही करते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पुढं फार मोठ्या आवाजात बोलायला लागले तर तुम्ही मला ते आठवून देऊ शकाल. आमचं ऑफिस शहरात, राजारामपुरीत. खाली बेकरी, वर आम्ही. सकाळी जिन्यावर खारीचा वास आणि वर आल्यावर मशीन थंड ठेवण्यासाठी लावलेल्या एसीचा गारठा. बाहेर ऑक्टोबरचं ऊन अंग भाजून काढत असायचं आणि मी स्वेटर घालून उत्तर ध्रुवाकडची तळी आखत बसलेली असायची. खरोखर उत्तरेकडची. जिथं झाडं संपतात त्याच्याही पुढची. कुठल्या तरी परदेशी संस्थेला त्या तळ्यांचे नकाशे हवे होते. कुठलं तळं वाढलं, कुठलं आक्रसलं, कुठलं नाहीसं झालं. सांडलेल्या साबुदाण्यासारखी ती तळी, मोजता मोजता डोळे दुखावेत इतकी. माऊसनं एकेकाच्या काठावरून फिरायचं, निळा रंग भरायचा, पुढच्याकडं जायचं. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. मी आपली मनातल्या मनात नावं ठेवायची. एकाचं नाव आत्याबाई होतं, कारण ते दर वर्षी थोडं फुगायचं.

बर्फ मी कधी पाहिलेला नाही. महाबळेश्वरला एकदा गवतावर हिम पडलेलं पाहिलं, तेवढंच. पण बर्फाचा एक नियम मला अजून तोंडपाठ आहे. आमच्या ऑफिसात प्रशांत म्हणून एक मुलगा होता, इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर कामाला, हा रोज बसनं यायचा. काम सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यात त्यानं एक अख्खं तळं जमीन म्हणून रंगवलं, कारण चित्रात ते पांढरं होतं. सरांनी आम्हा सगळ्यांना त्याच्या टेबलाभोवती बोलावलं. सर म्हणजे ऑफिसचे मालक. शांत माणूस, कधी आवाज चढवणार नाही. ते म्हणाले, "पांढरं दिसतंय म्हणून जमीन धरायची नाही. बर्फ हे पांघरूण आहे. खाली पाणी आहे. शंका आली तर दुसऱ्या महिन्याचं चित्र बघा, मागच्या वर्षाचं बघा. पण एका चित्रावरून तळं मोडू नका." हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवून टाकलं. चिठ्ठी पिवळी पडली, अजून तिथंच आहे.

तिकडची तळी खरोखर मरतात. तिथली जमीन खोलवर गोठलेली असते, तिच्यावर पाणी अडून राहतं. ती जमीन वितळायला लागली की पाण्याला खाली वाट मिळते आणि तळं रिकामं होतं. एके दिवशी मी मागच्या वर्षी आखलेल्या एका तळ्यावर गेले तर तिथं नुसता करडा खड्डा. दुसऱ्या महिन्याचं चित्र काढलं, त्याच्या आधीचं काढलं, नियमानं सगळं केलं. नव्हतंच ते. त्या दुपारी मी डबा उघडला नाही. प्रशांत म्हणाला, "काय गं पद्मा, घरातलं कोन गेलंय काय?" मी त्याला हसले, पण मला वाईट वाटलं होतं हे खरं. जिथं मी जन्मात जाणार नाही, जिथं पिण्यासाठी कुणी कळशी बुडवत नाही, त्या नंबराच्या तळ्यासाठी वाईट वाटलं. आणि मला वाटायचं, किती चांगली माणसं असतील ही, जगाच्या टोकाला एक तळं गेलं तर त्याची नोंद घेणारी.

मग दिवाळीच्या आधीचे ते दिवस आले. गल्लीत आकाशकंदील लागले नव्हते, पण गवळ्यांच्या गल्लीत म्हशी भादरायला सुरुवात झाली होती. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडं पाडव्याला म्हशींचा सगर असतो. म्हशींना न्हाऊ घालायचं, अंगावरचे केस भादरून कातडी तुकतुकीत काळी करायची, तेल चोळायचं, शिंगं रंगवायची, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत चाळ. आणि मग सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली ढणाढणा पुढं आणि मालकाच्या आवाजावर धावणारी म्हैस मागं. माणसांच्या दिवाळीत पोरींना नवा ड्रेस मिळेल न मिळेल, म्हशीचा साज ठरलेला. त्या गल्लीतल्या, आमच्या शेजारच्याच, हौसाकाकूंची एक म्हैस होती, गावातली सगळ्यात दांडगी. तिचं नाव चिमणी. हौसाकाकू तिला "चिमने, ये गं बाय" अशी हाक मारायच्या आणि डोंगर हलावा तशी ती हलायची.

पाडव्याआधी म्हशी तळ्यात घालायच्या, तर तळ्यावर केंदाळ. म्हणून सगळ्यात आधी चिमणीला सोडायचं. ती काठावर क्षणभर थांबायची, नाकपुड्या फुलवायची आणि छातीनं केंदाळ रेटत आत शिरायची. तिच्यामागं काळ्या पाण्याची वाट उघडायची. त्या वाटेनं बाकीच्या म्हशी. कुजलेल्या मुळांचा वास, वर उडणारे बगळे, पाण्यात पडणाऱ्या म्हशींचा धप्प आवाज, गोट्याच्या दगडानं पाठी घासणाऱ्या बायका आणि त्यांचं सारखं चाललेलं ओरडणं. लहानपणी मला दिवाळी म्हटलं की फराळाच्या आधी हा वास आठवायचा. आता तेल आणि उटणं लावलं तरी नाकाला त्याचीच आठवण होते.

त्याच आठवड्यात ऑफिसात मी चहा घ्यायला उठले आणि प्रशांतच्या स्क्रीनकडं माझी नजर गेली. उत्तरेचं काम नव्हतं ते. आमच्या ऑफिसला नवीन काम मिळालं होतं. शहर वाढणार, आसपासच्या गावांचा आराखडा होणार, त्यासाठी पाण्याच्या जागा दाखवणारा नकाशा. कळंबा मी ओळखला. तिथून रस्त्यावरून बोट फिरवत गेल्यासारखी मी आमच्या गावात आले. देऊळ, शाळा, आमचं रान. रानाच्या शेजारी जिथं वरलं तळं असतं तिथं हिरवा रंग होता. रकान्यात लिहिलं होतं, शेती व हिरवळ. कोपऱ्यात एक निळा ठिपका तेवढा उरला होता, पायऱ्यांपाशी.

"हे तळं आहे," मी म्हटलं.

"असंल की," प्रशांत म्हणाला. "पर सॉफ्टवेअर हिरवं दाखवालंय. म्या काय करू? मागल्या दिवाळीचं चित्र हाय. पावसात ढग असत्यात, म्हनून पाऊस संपल्यावरचं घेतलंय."

हे ऐकल्यावर मला जे झालं ते आज लिहितानाही होतंय. पावसाळ्यानंतरचं चित्र घ्यायचं हे बरोबरच आहे. आभाळ स्वच्छ, तळी भरलेली. पुस्तकातही असंच लिहिलेलं असतं. पण ज्या माणसानं हे आमच्या भागासाठी ठरवलं त्यानं दिवाळीच्या दिवसांत आमच्या भागातलं एकसुद्धा तळं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ज्या दिवसांत तळं सगळ्यात भरलेलं त्याच दिवसांत ते सगळ्यात झाकलेलं. कोल्हापुरात राहणारी, रोज या रस्त्यांवरून जाणारी माणसं ही चूक करत होती. ऑफिसातून मोटारसायकल काढली असती तर चहा गार व्हायच्या आत जाऊन बघून येता आलं असतं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"चित्रात हिरवं आहे ना?" ते म्हणाले.

"केंदाळ आहे सर. खाली पाणी आहे."

"असेल."

"बर्फ असता तर?"

त्यांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "पद्मा, ते काम वेगळं, हे वेगळं. तिकडं चूक झाली तर ते लोक काम परत पाठवतात. इथं कोण परत पाठवणार आहे?"

हे ते रागानं बोलले नाहीत. कडवटपणानंही नाही. रविवारी बेकरी बंद असते असं सांगावं तसं सांगितलं. माणसानं लबाडी केली, पाकीट घेतलं, कुणाच्या तरी दाबाला बळी पडला, तर निदान त्याला शिव्या घालता येतात. इथं तसलं काही नव्हतं. पांघरुणाखालचं पाणी ओळखायचं ज्यांनी मला शिकवलं त्यांना ते इथंही ओळखता येत होतं. फक्त इथं ओळखायची गरज वाटली नाही. माझा खरा राग तिथं आहे आणि तो अजून गेलेला नाही. जाग्यावर जाऊन तपासायचं असतं ना, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते आपल्या करारात नाही.

घरी आल्यावर मी आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणजे माझे वडील. ते रानातून आले होते, पायरीवर बसून पायाचा चिखल खरवडत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "म्हंजे आपल्या तळ्याला आता तुझ्या मशीनचा दाखला पायजे व्हय?" मी म्हटलं, नकाशात तळं नसेल तर उद्या तिथं प्लॉट पडतील. ते म्हणाले, "तू तकडली तळी राखतीस म्हनं. हितलं कोन राखायचं?" आण्णा कधी टोचून बोलणारे नव्हते. त्या दिवशी बोलले, आणि मला ते लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं.

हौसाकाकूंना मात्र एका वाक्यात कळलं. मी त्यांना सांगितलं, वरून जे मशीन फोटो काढतं त्याला केंदाळ दिसतं, पाणी दिसत नाही. पाडव्याच्या सुमाराला ते आपल्यावरून जाणार आहे. तेव्हा पाणी उघडं असलं तर फोटोत येईल आणि तो फोटो घेऊन आपल्याला हरकत घेता येईल. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. म्हैस दुपारच्या उन्हात पाण्यात बसली नाही तर दूध आटतं. शहरातून गवळ्यांच्या गल्लीत पहाटे दूध न्यायला येणारी माणसं काकूंच्या दारात रांग लावायची, ती खरं तर त्या तळ्याच्या जिवावर लावायची, त्यांना माहीत नसलं तरी. काकू म्हणाल्या, "मंग चिमनीला एक वाट पाडून चालायचं न्हाय. सगळं तळं उघडाय पायजे."

आणि उघडलं. अख्खी गवळ्यांची गल्ली उतरली. म्हशी या काठापासून त्या काठापर्यंत फिरवल्या. मागं माणसं छातीएवढ्या पाण्यात, हातांत लांब बांबू, बांबूंना दोर, केंदाळाची जाड गोधडी ओढत ओढत एका कडेला लावत. आमच्या जैन गल्लीतले लोकसुद्धा आले, जे एरवी नाकाला रुमाल लावून तळ्यावरून जायचे. आण्णा आले. बांधावर ओल्या केंदाळाचे ढीग पडले आणि त्यांच्यातून बेडूक उड्या मारत परत पाण्याकडं निघाले. पाडव्याच्या सकाळी वरलं तळं आरशासारखं नव्हतं, गढूळ काळपट होतं, पण उघडं होतं. त्यात सजायच्या आधीच्या म्हशी नुसती डोकी वर काढून बसल्या होत्या.

मी घड्याळ बघत होते. काकूंनी वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरून.

"कुटं हाय गं?"

"दिसत नाही काकू."

"आपल्याला दिसंना, आन त्येला आपून दिसतूय व्हय," असं म्हणत त्यांनी ओला पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला, फोटो काढताना घेतात तसा. मी त्यांना सांगणार होते की त्या चित्रात म्हैससुद्धा दिसत नाही, माणूस कुठला दिसणार. सांगितलं नाही.

चित्र आलं. वरलं तळं त्यात होतं. काळं-निळं, वेडंवाकडं, काठांसकट. मी ते घरच्या जुन्या लॅपटॉपवर उघडलं तेव्हा आण्णा, काकू, काकूंचे दीर, सगळे मागं उभे होते. उत्तरेची हजारो तळी आखून झाली असतील माझी, पण एवढा सावकाश माऊस फिरवला तो त्या एकाच काठावरून.

हरकतीची सुनावणी झाली. कुठल्या कार्यालयात, ते सांगत नाही. सगळी कार्यालयं तशीच असतात, वर फिरणारा पंखा आणि खाली न फिरणारी माणसं. साहेबांनी चित्र पाहिलं, आमच्या ऑफिसचा नकाशा पाहिला. म्हणाले, "या एका तारखेला पाणी दिसतंय खरं. पण नकाशा ज्या चित्रावर केलाय त्यात नाही. तुम्हीच सांगताय की त्या दिवशी म्हशी घातल्या होत्या. म्हणजे म्हशींनी केलेलं डबकं आहे हे."

मी काही बोलायच्या आत काकू उठल्या. "सायेब, पानी असतंय म्हनून म्हस बसती. म्हस बसली म्हनून पानी हुत न्हाय."

सगळे हसले. साहेबही हसले, मोकळेपणानं हसले, आणि हसता हसता त्यांनी हरकत फेटाळली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा काकूंना वाटत होतं आपण जिंकलो, कारण साहेब हसले होते. मला ते त्यांना जिन्यावर समजावून सांगावं लागलं. एका चित्रावरून तळं मोडू नका, असं मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. एका चित्रावरून मोडलं. आणि दुसरं चित्र समोर ठेवलं तर ते एकच आहे म्हणून चाललं नाही.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही, तुमच्याही गावात झालं असेल. मुरमाचे डंपर आले. तळ्यात मुरूम पडतो तेव्हा आधी बराच वेळ काहीच दिसत नाही, पाणी सगळं गिळत राहतं. मग एक दिवस मधेच लाल बेट वर येतं. मग भिंत, मग फाटक, मग इमारती. फाटकावर राजहंस काढलाय. तळं होतं तेव्हा तिथं बगळे असायचे. राजहंस मी तरी कधी पाहिला नाही. हौसाकाकू आता चिमणीला दारातच नळीनं पाणी मारतात. बाकीच्या म्हशी एकेक करून गेल्या, कोडोलीकडच्या पावण्यांकडं. चिमणी राहिली, कारण काकूंना तिला देववेना.

मला त्या इमारतींतल्या माणसांचा राग नाही. शिक्षक आहेत, बँकेतली आहेत, इचलकरंजीला यंत्रमागाचं छोटं शेड असलेले एकजण आहेत. आयुष्यभर साठवून त्यांनी घर घेतलं. त्यांना कुणी सांगितलं नाही की खाली काय आहे, आणि कोण सांगणार, नकाशात तर नव्हतंच. मोठा पाऊस झाला की त्यांच्या पार्किंगमध्ये पाणी येतं. पंपानं काढतात, परत येतं. एका पावसाळ्यानंतर पूर आलेल्या जागांचा नकाशा करायचं काम आमच्याच ऑफिसला मिळालं. त्यात ती वसाहत होती. तीच कड, तोच वेडावाकडा काठ, जो मी पाडव्याच्या चित्रावरून सावकाश आखला होता. रकान्यात लिहायचं होतं, पूरबाधित क्षेत्र. स्वतःच्या जागेवर बसलेलं पाणी पूर कसं होतं, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, रकाना तोच आहे, दुसरा नाही. तळ्याला घर होतं तेव्हा त्याला हिरवळ म्हणाले, आणि घरावर दुसऱ्यांची घरं झाल्यावर त्याला पूर म्हणतात. या सगळ्यात त्याला त्याच्या नावानं एकदाही कुणी बोलावलं नाही.

तू ते काम सोडलं का नाहीस, असं लोक विचारतात. सोडून काय करू? खाली बेकरी आहे तिथं खारी विकू? उत्तरेची तळी अजून माझ्याकडं येतात. आत्याबाई दोन वर्षांपासून फुगत नाही, उलट काठ आत येतोय. मला तिची काळजी वाटते. पण आता त्या काळजीबरोबर एक चीडही येते, की जगाच्या टोकावरच्या, काठावर कुणीही नसलेल्या तळ्याला बर्फाचा फायदा मिळतो, आणि ज्याच्या काठावर माणसं, म्हशी, पायऱ्या, नाव, सगळं होतं त्याला केंदाळाचा मिळाला नाही.

या वर्षी पाऊस लांबला. वसाहतीच्या पार्किंगमधलं आणि मागच्या मोकळ्या जागेतलं पाणी दिवाळीपर्यंत हटलं नाही. त्यावर केंदाळ आलं. कुठून आलं, मला विचारू नका. कुठलं तरी मूळ खाली वाट बघत राहिलं असणार. फुललं. मुली रील करून गेल्या त्या ह्याच फुलांसमोर.

पाडव्याच्या आदल्या दिवशी हौसाकाकू चिमणीला नळीनं धुवायला सोडत होत्या. चिमणी आता थकलीय, शिंगांची टोकं झिजलीत. तिनं दावं झटकलं आणि चालायला लागली. पळाली नाही, चाललीच. गल्लीतून, रस्त्यावरून, राजहंसाच्या फाटकातून आत. मी ऑफिसातून येत होते, मी गाडी टाकून मागं धावले. ती केंदाळाच्या कडेला क्षणभर थांबली, नाकपुड्या फुलवल्या आणि छातीनं रेटत आत गेली. काळ्या पाण्याची वाट उघडली. पार मधे जाऊन ती खाली बसली, फक्त डोकं वर. उंचवट्यावर लावलेल्या एका कारचं बोनेट तिच्या शेजारी होतं.

दुसऱ्या मजल्यावरून एका गृहस्थांनी वाकून म्हटलं, "अहो काकू, म्हैस काढा की. गाडी काढायची आहे मला."

काकू फाटकातच उभ्या होत्या, दावं हातात. त्यांनी वर पाहिलं. आवाज चढवला नाही. "पावनं, वाईच थांबा. ती तिच्या जाग्यावर बसलीया."

गृहस्थ थांबले. चिमणीनं डोळे मिटले होते.

पाण्याच्या जागांच्या नकाशासाठी त्या आठवड्याचं चित्र परवा ऑफिसात आलं. वसाहतीच्या जागेवर सॉफ्टवेअरनं सवयीनं हिरवा रंग भरला होता, शेती व हिरवळ. प्रशांत माझ्याकडं बघत होता. मी हिरवा पुसला. काठावरून माऊस फिरवला, निळा भरला, रकान्यात लिहिलं, वरलं तळं. आणि फाइल पुढं पाठवून दिली. सरांना विचारलं नाही.